बाऊ नाही

सकाळी कण्यातल्या सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी, हे ऐकून शेजारणींनी तोंडात बोटं घातली. सासूबाई म्हणाल्या, दाढ काढून आलं तरी माणसं याहून जास्त लोळतात. त्यामुळे घरात सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त तिचा स्वतःचा, असा समज झाला की इतक्या चटकन घरी पाठवलं म्हणजे दुखणंही बेताचंच असणार.

नर्सने मात्र निघताना बजावलं होतं. वाकायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही, लेकीला उचलण्याचं तर नावही काढायचं नाही. उठताना ओंडक्यासारखं अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हातावर भार देऊन बसायचं. गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या, दुखायची वाट बघत बसायचं नाही.

"दुखणं एकदा डोक्यावर चढून बसलं की गोळीला दाद देत नाही," नर्स म्हणाली होती. "आणि गोळी चुकवल्याबद्दल इथे कोणी बक्षीस देत नाही, ताई."

ताईंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

मोठ्या गोळीने डोळ्यांवर झापड यायची. नवरा दिवसभर कामावर, सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि दीड वर्षाची लेक म्हणजे पायाला भिंगरी. आपला डोळा लागला आणि पोर स्टुलावर चढली तर? तिने बटण गिळलं तर? कुठल्या खोलीत चमचा पडला ते पलंगावरून ओळखणारी बाई ती. तिने लहान गोळ्या तेवढ्या घेतल्या आणि मोठ्या मात्र उशीच्या अभ्र्यात सारल्या. दवाखान्यातून फोन आला, तेव्हा सगळं वेळेवर चाललंय म्हणून सांगून मोकळी झाली.

दुखणं पाठीतून निघून मांडीत उतरायचं, तापलेली तार ओढल्यासारखं. लेक पलंगाशी यायची, पाठीवरच्या पट्टीकडे बोट दाखवायची आणि विचारायची, "आई, बाऊ?"

"नाही गं माझ्या सोन्या," ती दात आवळून हसायची. "बाऊ नाही."

सासूबाई दारातून कौतुकाने बघायच्या. आमच्या घरात बायका दुखण्याचा बाऊ करत नाहीत, असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, उलट सुनेचा अभिमानच होता. नातीचा बाऊ म्हणजे दुखणं, आजीचा बाऊ म्हणजे दुखण्याचा गाजावाजा. दोघींना तिचं उत्तर एकच होतं.

मग एका दुपारी ती कुशीवर पडलेली असताना लेक मागून पलंगावर चढली आणि रोजच्या खेळासारखी तिच्या पाठीवर झेपावली.

आपल्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं. बाळंतपणातही निघाला नव्हता. आवाजाबरोबर हातही मागे गेला आणि त्याने लेकीला ढकललं. पोर गादीवरच पडली, लागलं काहीच नाही. पण रडायचं सोडून ती नुसती बघत राहिली, अनोळखी बाईकडे बघावं तशी.

संध्याकाळी नवऱ्याने उशी सरळ करायला घेतली आणि गोळ्या खाली सांडल्या. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक गोळी उचलली आणि विचारलं, "कोणासाठी जागी राहात होतीस?"

जिच्यासाठी जागी राहिली ती बाहेर आजीच्या पदराआड बसली होती.

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून शेकणं झालं, भिंतीच्या कडेकडेने घरातल्या घरात चालणं झालं. नर्सचं म्हणणं खरं ठरलं, दुखणं हळूहळू ताब्यात आलं. लेक मात्र उंबरठ्यापर्यंतच यायची. बाहुली दाखवून झाली, लाडीगोडी झाली. नवरा म्हणाला, लहान आहे, विसरेल. तीही म्हणाली, विसरेल. आणि उंबरठ्याकडे डोळे लावून पडून राहिली.

आज लेक बाहुली ओढत दाराशी आली, उंबरठ्याला अडखळली आणि तोंडावर आपटली. चांगलाच आवाज झाला. एरवी साधं खरचटलं तरी घर डोक्यावर घेणारी पोर. आता भोकाड पसरेल आणि हात पसरून आपल्याकडेच येईल, या आशेने आईने पडल्यापडल्याच हात पुढे केला.

पोर उठून बसली. कपाळ लाल झालं होतं, हनुवटी थरथरत होती, डोळे काठोकाठ भरले होते. तिने आईकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि मग हसली. थेट आईसारखं, दात आवळून.

"बाऊ नाही," ती म्हणाली.

आई ओंडक्यासारखी कुशीवर वळली, पाय खाली सोडले, हातावर भार दिला. गोळी वेळेवर घेतलेली, पाठ दुखत नव्हती. पण नियमाने उठायला वेळ लागतो. ती पलंगाच्या काठावर बसेपर्यंत दार रिकामं झालं होतं.

"आहे गं," ती रिकाम्या दाराला म्हणाली. "बाऊ आहे. तुला पण, मला पण. ये ना."

बाहेरून सासूबाईंचा कौतुकाचा आवाज आला. त्यांना तिचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं.

"बघा बाई, केवढी पडली, पण हूं की चूं नाही. आईवर गेलीय अगदी."