टाचेखालचा निळा तुकडा

"बूट काढू नकोस. आधी चालून दाखव," बाबा म्हणाले, आणि शिडीने दवाखान्याच्या पॅसेजमध्ये पहिलं पाऊल टाकलं.

शिडी म्हणजे बाबांच्या लेकीचा मित्र. उंच, हडकुळा, आज घाबरून आणखीनच उंच झालेला. लग्नाला होकार मागायला आला होता, आणि त्याचा रस्ता ह्या पॅसेजमधूनच जात होता! बाबा काय साधा माणूस? गुडघा दुखला की सगळे गुडघाच बघायचे, तेव्हा ह्यांनी खाली वाकून टाच बघितली, बुटात घालायचे आधार बनवले. लोक हसले, चपला-डॉक्टर म्हणाले. आता तेच शिकायला येतात. पण घरात कोण शिकतंय? एकुलती एक लेक सरळ सांगायची, "बाबा, दिवसभर लोकांचे पाय कोण हुंगणार?" बाबा नुसती कानस चालवत राहायचे.

आणि शिडीचा तर उजवा पाय चालताना आत पडायचा! "स्वतःचे पाय सांभाळत नाही, तो माझी पोर काय सांभाळणार?" असं बाबांनी मागच्याच आठवड्यात ठणकावलं होतं.

शिडी गेला, वळला, परत आला. एकदम सरळ! दाराआड लेकीने आईचा हात इतका दाबला की आई कळवळली.

बाबांनी चष्मा चढवला. "आता उजवा बूट दे."

त्यांनी बूट उलटा केला. टाचेची आतली कड पार झिजलेली.

"बूट म्हणतो, पाय आत पडतो. पाय म्हणतो, छे, मी कुठे पडतोय? दोघांतलं कोणीतरी थापा मारतंय."

लेकीने कपाळावर हात मारला. चालण्याची एवढी तालीम केली, आणि नवे बूट घ्यायचेच राहिले!

बाबांनी बुटात बोटं घातली आणि रबराचा एक तुकडा बाहेर काढला. जुन्या चपलेचा, निळा. एका बाजूने जाड, दुसरीकडे निमुळता होत गेलेला.

"काका, मी... म्हणजे ते..." शिडीचे कान लाल झाले.

"कोणी कापला?"

दाराआडून लेकीचा आवाज आला, "मी."

बाबांनी तुकडा उजेडात धरला. उतारावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"एवढाच उतार हवा, हे कसं ठरवलंस?"

"त्याला मागून चालताना बघून. आधीचे फेकून दिले. एकात तर तो बदकासारखा चालायला लागला."

"जाड झाला असणार तो," बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, लेकीला आत बोलावून तिच्या हातात कानस दिली. "ही कड बोचेल त्याला. घास."

ती बसली. नाकसुद्धा मुरडलं नाही. दोघांची डोकी त्या तुकड्यावर वाकली ती वाकलीच.

शिडी एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, तसाच उभा. शेवटी त्याने हळूच विचारलं, "काकू, म्हणजे हो म्हणाले का?"

"तुझा बूट ठेवून घेतलाय ना त्यांनी?" आई म्हणाली. "मग आता एका बुटावर जाणार कुठे? बस."