सोडून द्यावे

"तो त रोज जाते कॉलेजात," चैतराम म्हणाला. "सकाळच्या गाडीनं जाते, सातच्या गाडीनं येते. काऊन मास्तर, काई झालं का?"

केशोरावांनी पाण्याचा गडवा खाली ठेवला. चैतरामचा मुलगा उदाराम एकोणीस दिवस वर्गात आलेला नव्हता. तो आजारी असेल, घरी कापणीला थांबला असेल, असं मनाशी धरून ते गोंदियाहून आमगावला उतरले होते आणि धानाच्या बांध्यांमधून दीड कोस चालत या अंगणात आले होते. आणि इथं बाप सांगत होता, पोरगा रोज कॉलेजात जातो.

"काही नाही झालं," ते म्हणाले. "परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. उद्या शेवटचा दिवस. आठवण करून द्यावी म्हटलं."

"एवढ्यासाटी पायी आले?" दारातून उदारामच्या आईनं, धुरपताबाईनं विचारलं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं. "मास्तर, पास होईल न जी पोरगा?"

"होईल."

घडीभरात दुसऱ्यांदा खोटं बोलून केशोराव उठले. सातच्या गाडीपर्यंत थांबलं असतं, तर उदारामचं खोटं बापासमोरच उघडं पडलं असतं. मग तो काय करील, हे त्यांना सांगता येत नव्हतं. गेल्या वर्षी इंटरचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा रुळावर सापडला होता. गाडी दिसली नसेल, असं लोक म्हणाले. केशोरावांनीही तेव्हा मान डोलावली होती.

परतीच्या गाडीत ते एकच गोष्ट आठवू पाहत होते. अठ्ठावीस वर्षं शाळांतून शिकवून ते या नव्या कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा इथं चाचणीचे गुण वर्गात मोठ्यानं वाचण्याची पद्धत होती. वरून सुरुवात व्हायची. शेवटच्या पाच-सहा नावांपर्यंत आलं की बाकं हसायला लागायची. केशोरावांनी आपल्या विषयापुरतं ते बंद केलं. ते प्रत्येक वहीत लाल शाईनं शेरे लिहीत आणि वही ज्याची त्याच्या हातात गुपचूप देत. या पद्धतीचा त्यांना मनातून अभिमान होता.

हजेरीपटात त्यांनी कालच पाहिलं होतं. वह्या परत दिल्या त्या दिवशी उदाराम हजर होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नावापुढं नुसते भोपळे होते. त्याला तीसपैकी अकरा गुण दिल्याचं त्यांना आठवत होतं. शेरा काय लिहिला होता, ते काही केल्या आठवेना. साठ वह्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टेशनावर जाऊन उभे राहिले. गाडी आली. शेवटच्या डब्यातून उदाराम उतरला. काखेत वह्या, हातात डबा, अंगात धुतलेला सदरा. कॉलेजात निघालेल्या मुलासारखाच दिसत होता. पण तो फाटकाकडे आला नाही. फलाटाच्या टोकाचा उतार उतरून तो रुळांच्या कडेनं चालू लागला.

केशोराव मागे निघाले. खडीवरून त्यांना भरभर चालता येईना. समोरून मालगाडीची शिटी झाली. उदारामनं मान वर केली नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा केशोरावांचा आवाज त्या शिटीत बुडाला.

मुलगा रूळ ओलांडून गेला आणि गाडी मध्ये आली. एकामागून एक वाघिणी जात राहिल्या. शेवटचा डबा गेला, तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं.

ते तसेच उभे राहिले. खाली पाहायचं धैर्य होईना. मग पाहिलं. रूळ रिकामे होते. पलीकडच्या तारेच्या कुंपणाला एक भोक होतं आणि भोकाला लागून राईस मिलचं अंगण होतं. उकडलेल्या धानाची वाफ तिथून येत होती.

अंगणभर धान पसरलं होतं आणि चार बाया ते पायांनी लोटत होत्या. त्यांच्या रांगेत उदाराम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. मास्तरांना पाहून त्याचे पाय थांबले.

"या मास्साब," मंगरू मुकादम म्हणाला. "तुमी बी धान लोटाले आले का? धोतर वर खोसा मंग."

बाया हसल्या. "याले दोन घडी सोड," केशोराव म्हणाले.

"सोडतो. पर धान करपलं त कॉलेजात पाठवून देईन, तुमीच खा."

पोत्यांच्या आडोशाला दोघं बसले. उदारामच्या पायांना तूस चिकटलं होतं. केशोरावांनी खिशातून फॉर्म काढून पुढं ठेवला.

"पाच वाजेपर्यंत खिडकी उघडी आहे. काऊन सोडलं रे कॉलेज?"

उदारामनं मान वर केली. "तुमीच त लिवलं, सर."

"मी? काय लिहिलं?"

त्यानं वही काढली. पान शोधावं लागलं नाही, वही तिथंच उघडली. निबंधाचा विषय होता श्रमाचे महत्त्व. खाली अकरा गुण, केशोरावांची सही, तारीख. आणि सहीच्या अगदी वर, लाल शाईत, दोन शब्द होते. 'सोडून द्यावे.'

केशोरावांनी चष्मा पुसला. मग त्यांना उलगडलं. समासात एका परिच्छेदाला त्यांनी कंस घातला होता आणि लिहायला घेतलं होतं, 'हे विषयाबाहेरचे आहे, सोडून द्यावे.' समास संपला म्हणून उरलेले दोन शब्द खाली गेले होते.

"अरे, हे कॉलेजाबद्दल नाही," ते घाईनं म्हणाले. "हा कंस बघ. हा एवढा परिच्छेद सोडून द्यावा, असं. एवढंच. तू सरळ येऊन विचारायचं नाहीस का?"

"तुमी बोलावलं नाई," उदाराम म्हणाला. "वही देली अन् पुढच्या बाकावर गेले."

केशोरावांना हायसं वाटलं. चूक साधी होती, निस्तरता येण्यासारखी. "बरं, चुकलं. आता सही कर इथं."

उदारामनं लेखणी घेतली नाही. तो कंसातल्या ओळींवरून बोट फिरवत होता.

"हे सोडाचं होतं? हे धान रोवण्याचं?"

"हो. तो भाग निबंधात बसत नाही."

"सर, बाकी सारा निबंध मी गाईडातून पाठ केला. एवढंच माझ्या मनचं होतं."

केशोरावांनी वही जवळ घेतली. परिच्छेद पाच ओळींचा होता. माझी आई रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून बांधीतल्या चिखलात उभी असते. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. ती त्यांना मेंदी लावते आणि परत बांधीत उतरते. मी तिला विचारले की दुखते का. ती म्हणाली की पाण्यात असले की दुखत नाही.

हे त्यांनी वाचलं होतं. वाचून कंस घातला होता.

"परीक्षेत हे चालते का?" उदारामनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. काल त्यांनी दोनदा सोपं उत्तर दिलं होतं.

"नाही चालत," ते म्हणाले. "तपासणारा बहुतेक माझ्यासारखंच करील."

"मंग फारम कायले भरू?"

मुकादमानं हाक मारली. केशोराव उठले. "पुढं काय झालं ते लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "परिच्छेद अर्धाच आहे." त्यांनी फॉर्म वहीत ठेवला, वही त्याच्या हातात दिली आणि ते कुंपणाकडे वळले.

त्या दुपारी ते कॉलेजच्या कचेरीत खिडकीजवळ बसून होते. गुलाबचंद कारकून फॉर्म मोजत होता.

"मास्साब, कोणाची राह देखून राहिले? लग्नाची वरात आहे का?"

"एक मुलगा यायचा आहे."

"ये लडके लोग पाच मिनट पहलेच येतात, देखो तुम्ही."

पाचला पाच मिनिटं उरली, तरी कुणी आलं नाही. पाच वाजले. गुलाबचंदनं आणखी थोडा वेळ लेखणीचं टोक पुसत काढला. मग त्यानं खिडकीची फळी लावली. केशोराव मिलकडे गेले. उदाराम जेवणाच्या सुट्टीतच काम टाकून गेला, असं मंगरूनं सांगितलं. कुठं गेला, ते त्याला ठाऊक नव्हतं. सातच्या गाडीला केशोराव फलाटावर उभे होते. गाडी आमगावकडे निघून गेली. कोणत्याच डब्यात तो दिसला नाही.

सकाळी ते कॉलेजच्या व्हरांड्यात आले, तेव्हा पायरीवर चैतराम बसला होता. एकटाच.  काही विचारायच्या आधी त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं.

"उदाराम?"

"बांधीत हाय. मायसंगं धान कापून राहिला." चैतराम उठून उभा राहिला. "काल दुपारीच पायी निघाला, रुळाच्या कडंकडंनं. रात झाली घरी याले. मले सारं सांगतलं त्यानं. मिलचं बी. तुमी परवा आमच्याशी काऊन खोटं बोलले, ते बी."

केशोरावांनी काखेतला हजेरीपट पायरीवर ठेवला.

"मी काई बोलाले नाई आलो," चैतराम म्हणाला. "फारम कोराच धाडला त्यानं. अन् हे देलं." त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली वही पुढं केली. "सांगतलं, मास्तरले म्हणावं, लाल शाईनं काई लिवू नोका. मले म्हणाला, ते तुलेच वाचून दाखवतील."

वहीत नवी तीन पानं होती. कंसातल्या ओळींपासून पुन्हा सुरुवात केलेली. वर विषय नव्हता, खाली नाव नव्हतं.

"वाचू?" केशोरावांनी विचारलं.

"वाचा. मले वाचता येत नाई."

केशोराव त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. घंटा झाली, मुलं बाजूनं वर्गात गेली. कुणी कुणी थांबून पुढं गेलं. आई सुजलेले पाय चुलीजवळ ठेवून बसते आणि बाप आला की लुगड्याखाली झाकून घेते, इथपर्यंत ते आले, तेव्हा चैतरामनं हात पुढं केला आणि पानावर ठेवला.

"असं लिवलं त्यानं?"

"हो."

चैतरामनं पानावरून बोट फिरवलं. मग त्यानं हात काढून घेतला.

"परत वाचा," तो म्हणाला. "पाय झाकते, तिथून."