उघडी राहिलेली झडप

आमच्या कालव्यावर एक नियम सगळे जिवापाड पाळतात: लॉकमधून, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दोन दरवाज्यांमधल्या हौदातून, जो शेवटी उतरेल, त्याने दरवाज्यांतल्या पाणी सोडायच्या झडपा पाडून बंद केल्याशिवाय जागा सोडायची नाही. दरवाजे जुने, गळके. झडप उघडी राहिली तर वरचं पाणी रात्रभरात निघून जातं आणि वर बांधलेल्या बोटी चिखलात बसतात.

त्या संध्याकाळी दोनशे वर्षांच्या एका लॉकवर म्यूरिएलनं, माझ्या बायकोनं, हट्टानं सगळं काम एकटीनं केलं. आसपास चिटपाखरू नव्हतं, फक्त वरच्या बाजूला बांधलेली आमच्या ओळखीच्या क्लेमची बोट. वर्षभरात तिचं विसरणं वाढलं होतं. आमचं ठरलं होतं, आणखी एक मोठी चूक झाली की आमची राहती बोट विकायची आणि मुलीच्या, गिलियनच्या, शेजारी राहायला जायचं. म्हणून बिचारी प्रत्येक झडपेपाशी "बंद, बंद" पुटपुटत होती. खाली बोटीवर परतली ती खुशीत.

आणि मी काय केलं? ती आत किटली चढवत असताना गुपचूप मागे गेलो. दोन्ही झडपा घट्ट बंद होत्या. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! नीट बसलीय का बघायला एक झडप हँडल लावून उचलली, तेवढ्यात गिलियनचा फोन आला. बोलत बोलत परत आलो. झडप वरच राहिली.

सकाळी क्लेम आला, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला. त्याची बोट कलंडली होती, कपबशा फुटल्या होत्या. काल शेवटी तुम्हीच उतरलात ना, असं त्यानं विचारलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं तो माझ्याकडेच बघतोय.

"माझं काम होतं ते, क्लेम," म्यूरिएल म्हणाली. "मला वाटलं, मी बंद केल्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मग मी तपासायला गेलो होतो हेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली. क्लेमच्या बोटीखाली पुन्हा पाणी यावं म्हणून त्याच्याबरोबर पुढच्या वरच्या लॉकमधून पाणी सोडायला गेलो. दुपारी त्याची बोट तरंगायला लागली. परत येऊन बघतो तर म्यूरिएल पडदे काढून घड्या घालत होती. तिनं झडपा उचलायचं आपलं हँडल माझ्या हातात दिलं.

"गिलियनला कळव. ठरलं होतं तसं."

मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मागे गेलो ते, झडप उचलली ते, फोनही.

तिनं शांतपणे ऐकलं आणि माझ्या गालावर हात ठेवला.

"वेडा आहेस, नॉरिस. माझ्यासाठी एवढं खोटं रचलंस? माझ्या पाठीमागे माझं काम तपासायला जाणारा माणूस तू नाहीस. मी ओळखते ना तुला."

मी शपथ घेतली, फोनवरची वेळही दाखवली. ती नुसती हसली. शेवटचा पडदा उंचावर होता, तिनं मला स्टूल धरायला सांगितलं. मी धरलं.