या, मोकळं आहे

चौतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली आणि त्यातली निम्मी वर्षं एकच वाक्य ओरडण्यात गेली: आरशावर जाऊ नका, मान वळवा! गाडी पुढे काय, कुणीही नेतं. लावलेल्या जागेतून ती मागे काढताना माणसाची खरी परीक्षा होते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तुम्हाला मागचा रस्ता नीट दिसत नसतो आणि मागून चालणाऱ्याला तुम्ही निघालात हे कळलेलं नसतं. म्हणून आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, मग बसायचं, दोन्ही बाजूंना पूर्ण मान वळवून बघायचं आणि मुंगीच्या पावलांनी यायचं. शिकणारे वैतागायचे. माझ्यामागे मला 'मानमोडे मास्तर' म्हणायचे, तेही मला माहीत होतं.

आता माझीच मान वळत नाही. मणके घासलेत. डावीकडे चार बोटं वळते, उजवीकडे तेवढीही नाही. रस्त्यात कुणी हाक मारली तर कपाट सरकवावं तसा मी अख्खा वळतो. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि बायकोला. मुलीला आम्ही कळू दिली नव्हती, कारण कळलं असतं तर त्याच दिवशी येऊन तिने किल्ली काढून घेतली असती.

आणि किल्ली गेली असती तर बायकोचं घरी झोपणं गेलं असतं. तिच्या डोक्यात गाठ निघाली. तीस दिवस किरणांचे उपचार घ्यायचे, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे इथेच राहा, खाट देतो. बायको म्हणाली, "दिवसा काय करायचं ते करा. रात्री मी माझ्या अंथरुणावर झोपणार." एकेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा मीच आणायचो आणि माझी निवड वाईट आहे हे ती नेसूनच दाखवायची. तिने आता हे एक मागितलं होतं, ते द्यायचंच असं मी मनाशी घेतलं.

टॅक्सी करून पाहिली. पण परतीच्या वाटेवर तिला उलट्या व्हायच्या. पहिल्या टॅक्सीवाल्याने आम्हाला भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरवलं. दुसऱ्याने उतरवलं नाही, पण घर येईपर्यंत नाक मुरडत राहिला आणि ही घर येईपर्यंत त्याची माफी मागत राहिली. ते मला ऐकवेना. मुलगी दुसऱ्या गावी असते, तिची नोकरी, तिचं तान्हं मूल. ती फोनवर म्हणाली, "बाबा, वय बघा स्वतःचं. आईला ॲडमिट करा, नाहीतर मी येऊन किल्लीच घेऊन जाते." मी तिला सुनावलं, "तुझ्या अख्ख्या गावात जेवढे ड्रायव्हर नसतील तेवढे मी तयार केलेत. मला शिकवू नकोस."

फुशारकी मारून झाली आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणीची जुनी गाडी मी पुन्हा बाहेर काढली. मागचं दाखवणारे कॅमेरे वगैरे त्या गाडीत नाहीत, ती त्या लाडांच्या आधीची.

पुढे जाणं मला जमत होतं. रस्ता समोर असतो, त्याला मान लागत नाही. घोडं अडायचं ते हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. तिथे भिंतीवर पाटी होती: गाडी तोंड आत करूनच लावावी. भिंतीला लागून तळमजल्याचा वॉर्ड, त्याच्या खिडक्यांत धूर जातो म्हणून. मी पार्किंगवाल्याला समजावलं की गाडी उलटी आत लावली तर निघताना सरळ निघता येतं आणि तेच सुरक्षित. आत जाताना आरशांवर भागतं, कारण रिकाम्या जागेत कुणी चालत नसतं. बाहेर येताना मात्र येणारे-जाणारे असतात. तो म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण पाटी माझी नाही." त्याला दोन फाटकं एकट्याने सांभाळायची होती, त्यामुळे रोज माझ्या गाडीमागे उभा राहा, असंही त्याला म्हणता येईना. शिवाय म्हणायला गेलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

"मी आहे ना," बायको म्हणाली.

मग आमची पद्धत ठरली. उपचार झाले की मी तिला मागच्या सीटवर बसवायचो. ती गुडघे सीटवर घेऊन, सीटच्या पाठीला हात टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून बसायची. खिडकी उघडी ठेवायची. मी रिव्हर्स गिअर टाकून ब्रेकवर पाय ठेवून वाट बघायचो. ती दोन्हीकडे बघून म्हणायची, "या, मोकळं आहे. या... या... थांबा. बाई चाललीय एक. हं, गेली. या." डोकं भणभणत असायचं, ओकारी दाबलेली असायची, पण आवाज असा की शाळेतली बाई वर्गाला पाढे म्हणायला लावते आहे. पहिल्या दिवशी रस्त्याला लागल्यावर मी आनंदाने म्हणालो, "तू नसतीस तर किल्ली केव्हाच गेली असती आणि तू आता वॉर्डात असतीस." ती हसली. मी ते वाक्य कौतुकाने बोललो होतो. तिने ते मनात जपून ठेवलं, हे मला फार उशिरा कळलं.

टॅक्सीचे दोन धरून उपचारांचे अठरा दिवस असे गेले. एकोणिसाव्या दिवशी आमच्या उजव्या हाताला एक उंच व्हॅन लागलेली होती. तिच्यामुळे उजव्या आरशात व्हॅनच्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे गाडीभोवती फेरी मारली, बायकोला नीट बसवलं, येऊन बसलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, "बसूया का जरा वेळ?" ती म्हणाली, "नको. घरी जाऊ."

मी गिअर टाकला.

"या," ती म्हणाली. "मोकळं आहे. या... या..."

मी मुंगीच्या पावलांनी आलो. व्हॅनच्या आडून आमची डिकी निघाली असेल-नसेल, तोच डिकीवर धाडकन हात पडला आणि पार्किंगवाला जिवाच्या आकांताने ओरडला, "थांबा! काका, थांबा!"

माझा पाय ब्रेकवरच होता, गाडी जागच्या जागी थांबली. मी दार उघडून उतरलो आणि मागे गेलो. एक व्हीलचेअर. तिच्यात एक तरुण माणूस, प्लास्टरमधला पाय समोर सरळ ताणलेला. त्याच्या अंगठ्यात आणि माझ्या बंपरमध्ये तीन बोटांचं अंतर होतं. ढकलणारी आया खुर्चीच्या मुठी घट्ट धरून उभी होती.

"आजोबा, दिसत नाही का?" तो तरुण म्हणाला. रागही धड येत नव्हता त्याला, इतका घाबरला होता.

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? हात जोडले, आयेला हात जोडले, पार्किंगवाल्याला जोडले. पार्किंगवाला म्हणाला, "मास्तर म्हणवता ना हो तुम्ही?" ते खरंच होतं, मीच पहिल्या दिवशी त्याला ऐकवलं होतं.

ते गेल्यावर मी मागचं दार उघडलं आणि बायकोवर खेकसलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण खेकसलो. "लक्ष कुठे होतं तुझं? एवढी खुर्ची येतेय समोरून! मेला असता तो! डोळे मिटून 'या' म्हणतेस का?"

ती तशीच बसून होती, काचेकडे तोंड करून.

"आवाज आला नाही," ती म्हणाली.

"आवाज? आवाजाचा काय संबंध?"

"बाकीच्यांची पावलं वाजतात. त्या खुर्चीला रबराची चाकं होती. वाजलीच नाहीत."

मला काही उमगेना. मी म्हटलं, "अगं, पण बघत होतीस ना?"

"डावीकडचं मला दिसत नाही, अहो. आठ दिवस झाले."

तोंड मागे करून बसलं की तिची डावी बाजू म्हणजे गाडीची उजवी. म्हणजे आठ दिवस मी त्या बाजूने नुसता देवाच्या भरवशावर मागे येत होतो. आणि ती खिडकी उघडी ठेवून, कान लावून, कुणाची पावलं ऐकू येईनाशी झाली की मला सांगत होती, या, मोकळं आहे.

मग एकेक आठवत गेलं. ताटातलं डावीकडचं ती तसंच ठेवायची आणि मी म्हणायचो, भूक गेली वाटतं. दोनदा दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा आपटला आणि मी म्हणालो, अशक्तपणा आहे. चौतीस वर्षं लोकांना 'नीट बघा' म्हणून ओरडणारा माणूस मी, आणि माझ्या घरात माझ्या समोर बसलेल्या बाईला अर्धंच दिसतंय हे मला दिसलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नव्हता तरी चढला.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी मागे कशी घेतली असती?" ती म्हणाली. "अकराच दिवस राहिलेत. निभावलं असतं. तुम्हीच म्हणालात ना, मी नसले तर..." तिला उमाळा आला आणि पुढचं राहून गेलं. मी सीटच्या कडेला टेकलो. आम्ही दोघं म्हाताऱ्या माणसांसारखे नाही, चोरी पकडलेल्या पोरांसारखे रडलो.

गाडी अर्धी बाहेर होती, अर्धी आत. पलीकडून दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती.

"चला आता," तिने डोळे पुसले. "पार्किंगवाल्याला म्हणा मागे उभं राहायला. घरी जाऊ. उद्याचं उद्या बघू."

"डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं."

"नको," ती झटकन म्हणाली आणि माझं मनगट धरलं. "त्या ठेवून घेतील. पाया पडते तुमच्या, आजच्या दिवस घरी जाऊ. एक रात्र. उद्या सकाळी मी आपणहून सांगते."

देवाशपथ, माझं मन तिच्याकडेच ओढत होतं. एक रात्र, तिचं अंथरूण, तिची उशी. एका रात्रीने काय होणार होतं? पार्किंगवाला मागे उभाही राहिला असता. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. रिव्हर्स काढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी पुन्हा भिंतीपर्यंत आत नेली. ते एवढं मला मान न वळवता येत होतं. दुखऱ्या मानेपेक्षा ती गप्प बसली हे मला जास्त लागलं.

वर डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर खुर्ची घेतली, बोट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा." उजवीकडून बोट आलं, ती म्हणाली, दिसलं. डावीकडून बोट आलं, नाकाजवळ आलं, जवळजवळ नाकाला लागलं, तेव्हा ती म्हणाली, आता.

"कधीपासून?"

बायकोने मान खाली घातली. "आठ दिवस," मी म्हणालो.

"आठ दिवस!" बाईंनी पेन खाली ठेवलं. "सूज असेल, नाहीतर गाठ वाढली असेल. स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तोवर किरण थांबवावे लागतील. पहिल्याच दिवशी सांगायचं होतं हो. औषध तेव्हाच सुरू केलं असतं." त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि खाटेच्या कागदावर सही केली.

मुलीला मी जिन्यात उभं राहून फोन केला. सगळं एका दमात सांगितलं, आईचं आणि माझ्या मानेचंही.

"म्हणजे आईला दिसत नव्हतं, तुम्हाला वळता येत नव्हतं," ती म्हणाली, "आणि गाडी कोण चालवत होतं, बाबा?"

"दोघं मिळून चालवत होतो," मी म्हणालो. तिला रडू फुटलं. निघतेच म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी तिला तळमजल्याच्या वॉर्डात हलवलं. खिडकीबाहेर गाड्या होत्या, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. नर्सने सुई लावली, पडदा ओढला. मी खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसलो. तिच्यावर खेकसलो त्याची माफी मागायची राहिली होती. ती वर छताकडे बघत पडली होती. तिचा हात चादरीवर माझ्यापासून वितीवर होता, पण धरावा की नको, हेच मला ठरवता येईना. रागावली असेल, असं वाटत होतं. एकेचाळीस वर्षांतलं एकच मागणं मी मोडलं होतं.

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "अहो."

मी काही बोलायच्या आत तिचा दुसरा हात चादरीवर चाचपडत उजवीकडे गेला.

"गेलात का?" तिने विचारलं.

मी तिच्या डावीकडे बसलो होतो.