खाल्लेल्या पानांचा सूड

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता माझ्या कागदासारखाच विरला आहे, लांबून ऐकू यायचा नाही. मी एक जुना कोश आहे. आज मी तुम्हाला एका सुडाची गोष्ट सांगणार आहे, माझ्या स्वतःच्या सुडाची. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आधीच सांगून ठेवतो, हिच्यात गोडवा थोडा आणि डंख जास्त.

माझा जन्म जपानात, टोकियोच्या एका छापखान्यात झाला. माझी पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती आणि अक्षरं मोहरीएवढी. शब्दांचे अर्थ सांगणं हे माझं काम नव्हे, ते माझे जाडजूड भाऊ करतात. मी सोयरिकी जुळवतो. इंग्रजीत कोणत्या क्रियेशेजारी कोणतं क्रियाविशेषण शोभतं, ते माझ्यात पाहावं. तुमच्या मराठीत नाही का, माणूस ढसाढसा रडतो, खदाखदा हसतो, गटागटा पाणी पितो? आता कोणी 'आई गटागटा रडली' असं लिहिलं, तर व्याकरण त्याचा हात धरणार नाही. पण ऐकणारा रडायचं विसरून हसत सुटेल. इंग्रजीचंही तसंच आहे. तिथंही प्रत्येक क्रियेचे सगेसोयरे ठरलेले असतात, आणि परका पाहुणा पंगतीत बसला की सगळ्यांचे घास थांबतात.

सुओ-ओशिमा बेटावर, संत्र्यांच्या बागांच्या वर एक शाळा होती. मी तिथं आलो तो कुनिहिरो बाईंच्या हाती. बाई इंग्रजी शिकवत. कुणी निबंधात दोन अनोळखी शब्द शेजारी बसवले की त्या ओरडत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "काय रे, हे दोघं एकमेकांच्या घरी जातात का?" वर्ग हसायचा. मग मला उघडलं जाई. "बघा, आपला म्हातारा काय म्हणतो ते!" असं त्या म्हणत. तेव्हा मी कोरा करकरीत होतो, पण म्हातारा म्हटल्यावर मला मान मिळाल्यासारखं वाटायचं. ते माझे सुखाचे दिवस.

मग योशितोमी आला.

पोरगा हुशार होता, त्यात शंका नाही. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती. बाईंनी शाळेचा नियम बाजूला ठेवून, स्वतःच्या जबाबदारीवर मला त्याच्या घरी दिलं. आता त्या काळी परीक्षेला बसणाऱ्या पोरांमध्ये एक खूळ होतं. कोशाचं पान पाठ झालं की फाडायचं आणि खाऊन टाकायचं. पोटात गेलेला शब्द डोक्यातून जात नाही, अशी त्यांची श्रद्धा. स्वतःच्या कोशाचं पान खावं, माझं काही म्हणणं नाही. पण मी शाळेचा होतो!

सकाळी त्याची आई चहात शिजवलेली पेज रताळ्याच्या फोडी घालून पुढ्यात ठेवी. हा एक पान टराटरा फाडी, त्याचा बोळा करी आणि पेजेच्या घोटाबरोबर गिळी. शाळेच्या वाटेवर मित्र विचारत, "काय योशितोमी, आज काय जेवलास?" हा ढेकर देऊन म्हणे, "आज पडणं आणि पळणं. उद्या रडणं आहे." आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यानं माझं रडण्याचं पान खाल्लं. मित्रांनो, हसू नका. तुमचं बोट कुणी पेजेत बुडवून खाल्लं असतं म्हणजे कळलं असतं. वर मूर्खपणा असा, की त्यानं पाठ केली ती नुसती क्रियापदं, एकेकटी. त्यांच्या शेजारी कोण बसतं हे त्यानं पाहिलंच नाही. वरात सोडून नवरदेव तेवढा गिळला.

मी शाळेत परतलो तो बोळक्या तोंडानं. मुख्याध्यापकांनी वर्षअखेरीला कपाट तपासलं आणि मला उघडून बाईंसमोर आपटलं. योशितोमीला बोलावलं.

"हे तू केलंस?"

"नाही सर. मला मिळालं तेव्हाच असं होतं."

हे बोलताना तो जमिनीकडे पाहत होता. बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर शाळेचं शिफारसपत्र गेलं असतं आणि त्याबरोबर पोराची परीक्षाही. बाई उठल्या आणि भरल्या शिक्षकखोलीत कमरेतून वाकल्या. "चूक माझी आहे. क्षमा करा." डोकं बराच वेळ वर आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचा वरचा वर्ग काढून घेतला गेला. बाजारात पोरं मागून ओरडू लागली, "पुस्तकफाडी बाई! पुस्तकफाडी बाई!" शेवटी त्यांनी शाळा सोडली. फाटका कोश शाळेला नको होता, तो त्यांच्याच पदरात टाकला गेला.

शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो आणि तिची हेळसांड केली तर ती डूख धरते, असं बेटावरच्या आज्या सांगतात. मला शंभर वर्षं थांबावं लागलं नाही. बाई वाकल्या त्याच घटकेला मी डूख धरला.

पुढं बाई देवळाच्या ओसरीवर लहान मुलांना शिकवू लागल्या. मी त्यांच्या मांडीवर असे. देवळात गाऊन सांगितलेलं प्रवचन व्हायचं. बुवांचा आवाज लाटेसारखा चढायचा, हलकेच उतरायचा, आणि म्हाताऱ्या बाया हात जोडून बुद्धाच्या नामानं तो झेलायच्या, "नामान्दाबु, नामान्दाबु." काय ते सूर! माझी शिवण उसवेल असं वाटायचं. बुवा गायचे, अमिदा बुद्ध पुण्यवंताच्या आधी पाप्याला उचलून घेतो. बाई डोळे पुसायच्या. मी मनात म्हणायचो, उचलू दे ना, माझी हरकत नाही. पण आधी मला त्याला पाडू दे.

बाई गेल्या. मी देवळातच राहिलो, तेलाच्या डब्यांशेजारच्या फळीवर. धूळ खात आणि वाट पाहत.

आणि तो आला. आता योशितोमी सर म्हणजे बेटावरचं बडं प्रस्थ. पंथाच्या संस्थापक गुरूंच्या पुण्यतिथीला हवाईहून पाहुणे येणार होते. त्यांचे आजे-पणजे याच बेटाच्या धक्क्यावरून उसाच्या मळ्यांत राबायला गेले होते. नातवंडांना आता आपली भाषा येत नाही. म्हणून बुवांनी प्रत्येक कडवं गायल्यावर त्याचं इंग्रजी वाचून दाखवायचं ठरलं. ते लिहिलं सरांनी. प्रवचनात एक आई मुलाला जहाजावर सोडायला धक्क्यावर येते आणि पाठमोरं जहाज बघून रडते, असा प्रसंग होता.

हवाईच्या हारुए आजी एक दिवस आधीच पोचल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हातात पंखा, तोंडाला कुलूप नाही. दुपारी सरांनी त्यांना ते वाचून दाखवलं. रडण्याच्या जागी आले, आणि आजींचा पंखा थांबला. मग त्या अशा हसल्या की कवळी सावरावी लागली.

"अरे बाळा, ही आई रडतेय की नळ फुटलाय? उद्या माझी नातवंडं लोळतील इथं!"

सर कानापर्यंत लाल झाले. "एखादा... एखादा कोश आहे का इथं?"

सुमिकावा काकू, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांची बायको, मला घेऊन आल्या. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली. सरांनी मला पाहिलं आणि हात अर्ध्यातच आखडला. वा! ती घटका मी जन्मभर चघळली होती. उघड, म्हटलं, उघड. त्यांनी उघडलं. रडण्याच्या जागी फाटक्या कडा होत्या.

"पानच नाही की," आजी म्हणाल्या.

"कुनिहिरो बाईंनीच फाडलीत म्हणे," काकू म्हणाल्या. "मला कधी पटलं नाही, पण गाव तसंच म्हणतं."

बाईंचं नाव त्या खोलीत आता एका माणसाच्या जिभेवर टांगलेलं होतं. आणि तो माणूस? जमिनीकडे पाहत होता, तेव्हासारखाच. "जाऊ दे, शब्द मी सांगते," असं म्हणून आजींनी रडण्याचा खरा सोबती सांगूनही टाकला. सरांनी तो लिहून घेतला. सुटला, मित्रांनो, सुटला! पानं असती तर मी त्याच्या बोटांवर मिटलो असतो.

तेवढ्यात काकू चहा ओतता ओतता सहज म्हणाल्या, "तुम्हाला हे काम दिलं ते बाईंच्याच सांगण्यावरून हो. जाण्याआधी म्हणाल्या होत्या, हवाईची माणसं कधी आली तर योशितोमीला बोलवा, पोराचं इंग्रजी चांगलं आहे."

सरांची लेखणी थांबली.

"मी खाल्लं."

"काय?"

"पान. ही सगळी पानं. मीच खाल्ली, पेजेबरोबर. बाईंनी एकही फाडलं नव्हतं."

आजींनी आ वासला. "खाल्लंस? आणि तरी येत नाही?"

काकू मात्र हसल्या नाहीत. "हे उद्या बोलायचं. सगळ्यांसमोर."

"काकू, मी बाईंच्या थडग्यापाशी जाऊन सांगतो. माफी मागतो."

"बदनामी काय थडग्यापाशी झाली होती, सर? ती चारचौघांत झाली."

दुसऱ्या दिवशी भरल्या देवळात, प्रवचनाआधी, योशितोमी उभे राहिले. सगळं सांगितलं आणि कमरेतून वाकले. डोकं वर येईना. एकाही आजीच्या तोंडून 'नामान्दाबु' आलं नाही. बाजारात एके काळी मागून ओरडणारी पोरं, आता टक्कल पडलेली, मान खाली घालून बसली होती. मी काकूंच्या मांडीवरून ती वाकलेली पाठ डोळे भरून पाहिली. गोड लागलं का, विचाराल, तर हो, लागलं. खोटं कशाला बोलू?

पण मला एक गोष्ट खुपली. त्याला वाकवलं ते माझ्या डुखानं नाही. बाईंच्या चांगल्या शब्दानं वाकवलं. माझा सूड बाईंनीच माझ्या हातून काढून घेतला. आणि ज्यांच्यासाठी तो वाकला, त्या बघायला नव्हत्या.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पुस्तकाला जपा. आणि त्याहून जास्त, आपली चूक दुसऱ्याच्या माथी गेली असेल तर तो ऐकत असतानाच बोला. योशितोमीला मी अजून क्षमा केलेली नाही. ते काम बुद्धाचं, कोशाचं नव्हे.

कुनिहिरो बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या नावानं फुलं वाहणारं बेटावर आता कुणी उरलेलं नाही. संध्याकाळी तुमच्या घरी देवापुढे दिवा लागेल, तेव्हा दूरच्या बेटावरच्या या बाईंची एकदा आठवण काढा.