वाटणीला आलेली पिवळी गाडी

शंभूराज आणि ऋषिराज या सख्ख्या भावांचं सेलमला गलाईचं दुकान होतं. सोनारांकडून मोड घ्यायची, वितळवून शुद्ध करायची आणि चोख सोनं परत द्यायचं, असा धंदा. शंभूराजनं तो जमवला आणि धाकट्याला भट्टीवर बसवून शिकवला. जम बसल्यावर तो स्वतः विट्याजवळच्या आपल्या गावी परतला. भट्टीचा धूर ऋषिराजच्या नाकातोंडात राहिला.

गावी आल्यावर शंभूराजनं दुकानातले पैसे उचलून पुण्याच्या एका बिल्डरकडून पिवळी गाडी घेतली. जर्मन, दोन दारांची, सोळा-सतरा वर्षं जुनी. ऋषिराजला हे कळलं ते थोरल्याच्या स्टेटसवरच्या फोटोमुळं. त्यानं फोन लावला.

"ही गाडी न्हवं, ठेव हाय," शंभूराज म्हणाला. "असल्या गाड्या आता बनत न्हाईत. जुनी हुईल तशी किंमत वाढंल. तुला न्हाई कळायचं."

"इचारायचं तरी हुतंस."

"दुकान मी काढलंय. तुला काय इचारायचं?"

त्यानंतर दोघं फक्त हिशेबापुरते बोलत. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, कापडाखाली उभी असे. चालवली की किंमत उतरते म्हणून शंभूराज ती बाहेरच काढत नसे. पाव्हणेरावळे आले की कापड वर करून दाखवायचा आणि दर खेपेला किंमत थोडी वाढवून सांगायचा.

शेवटी वाटणीची वेळ आली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले चुलते जोतीराम तात्या मधे बसले. भावकीतली चार माणसं होती. जमीन, घर, दुकान, एकेकाची किंमत ठरली.

"आणि गाडीची?" तात्यांनी विचारलं.

"भंगाराच्या भावानं धरा," दारात उभी असलेली शंभूराजची बायको अंकिता म्हणाली.

शंभूराजनं तिच्याकडं रागानं पाहिलं. सगळी भावकी समोर होती. "सव्वा कोटी," तो म्हणाला. "कमीच सांगतुय."

ऋषिराजनं मान डोलावली. "मग गाडी तुमी घ्या. सव्वा कोटीला. दुकानाची किंमत बी तेवढीच निघालीया. दुकान मला."

आजवर थोरल्याला तो 'तू' म्हणत आला होता. हे 'तुमी' सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"शंभू, इचार कर," तात्या हळूच म्हणाले. "किंमत जास्त झाली आसंल तर आत्ताच खाली आण."

"आणू द्या की," ऋषिराज म्हणाला. "फकस्त मग दुकानातनं उचललेल्या पैशाचं काय झालं, ते सांगावं लागंल."

शंभूराजचा चेहरा काळवंडला. किंमत उतरवली तर दोघांचा पैसा आपण घालवला हे कबूल होत होतं. न उतरवावी तर दुकान जात होतं. "मला मंजूर हाय," तो म्हणाला. अंकिता आत गेली.

गाडी विकायला काढली तेव्हा पुण्याहून एक व्यापारी आला. खाली वाकून त्यानं टॉर्च मारली. रबरी पाइप कडक होऊन चिरले होते, तेल गळत होतं, टायर एका बाजूनं बसले होते.

"उभी राहूनही गाडी खराब होते, साहेब," तो म्हणाला. "शिवाय अशा गाडीला खरं गिऱ्हाईक शंभरात एक. तीस लाख देतो."

शंभूराजनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. सांगलीचा दुसरा आला, त्यानं त्याहून कमी सांगितले. तेवढ्याला विकली तर धाकटा सेलमला बसून हसेल, म्हणून शंभूराजनं गाडी ठेवून दिली.

घरात चणचण भासू लागली तेव्हा अंकितानं नवऱ्याच्या चोरून ऋषिराजला फोन केला. "त्यास्नी दुकानात घ्या की पुन्हा. हितं नुसतं बसून डोस्कं फिरलंय त्यांचं."

"सव्वा कोटीचा मालक भट्टीवर कशाला बसंल, वैनी?"

तिनं फोन ठेवला. हे बोलणं आपण वाटणी झाल्यापासून दोन वर्षं मनात घोळवत होतो आणि ते भलत्याच माणसाला ऐकवलं, असं ऋषिराजला वाटलं. पण त्यानं परत फोन केला नाही.

जत्रेला तो गावी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पिवळी गाडी त्याच्या वाटणीच्या घराच्या फाटकाला आडवी लावलेली. आत शंभूराज बसलेला.

"बाजूला घ्या."

"चालू हुईना झालीया. ढकल."

गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसली होती. ऋषिराजनं बाह्या सरसावल्या आणि मागून जोर लावला. गाडी हलली नाही. पुन्हा लावला, घाम फुटला. मग त्याचं लक्ष मागच्या लाल दिव्यांकडं गेलं. दोन्ही पेटलेले होते. शंभूराज ब्रेकवर पाय दाबून बसला होता आणि आरशातून त्याच्याकडं बघत होता.

ऋषिराजनं हात काढले. तो घरात गेला, बॅग उचलली आणि परसातल्या कुंपणावरून उसाच्या बांधाला उतरून विट्याच्या रस्त्याला लागला.

पुढच्या वर्षी त्यानं माणसं लावून घराचं फाटक मागच्या बाजूला हलवून घेतलं. जत्रेला मात्र तो आला नाही.