सव्वा मायक्रोफॅरडचा पाहुणचार

महालिंगप्पा काकांना उकाडा अजिबात सोसत नाही, आणि उशीर तर त्याहून नाही. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले की पोहे संपायच्या आत सुपारी फोडून मोकळे होणार, असा त्यांचा लौकिक. ते आज नळदुर्गला शिवरंजनीच्या घरी येणार होते, तेही भर मे महिन्यात.

शिवरंजनीची नुकतीच बारावी झालेली. तिच्या वडलांनी, अप्पांनी, शब्द दिला होता, "यंदा सोयरीक जमली न्हाय, तर सोलापूरला शिकायला धाडतो." म्हणजे सुपारी फुटली की शिक्षण संपलं. बाईसाहेब काही रडत बसणाऱ्यातल्या नव्हेत. सकाळीच मेन स्विच पाडून त्या स्टुलावर चढल्या. माळ्यावरच्या जुन्या पंख्याचा कंडेन्सर आणून बैठकीतल्या पंख्याच्या कंडेन्सरमागे जोडला आणि वर वह्यांची फुलाफुलांची चिकटपट्टी गुंडाळली. अडीच मायक्रोफॅरडचे दोन एकामागं एक जोडले की वाढत नाहीत, दोघांत मिळून सव्वाच उरतो, आणि पंखा रेंगाळतो!

पाहुणे आले. पंख्याची पाती मोजता येत होती. काकांचा सदरा पाठीला चिकटला.

"महांतप्पा, हा पंखा हाय का शोभेचं झुंबर?"

"काल तर लई झ्याक फिरत हुता," अप्पा ओशाळले.

पुतण्या गौरीशंकर पुण्यात इंजिनिअर. "मी बघतो," म्हणत त्यानं बटण बंद केलं, स्टुलावर चढून पंख्याची वाटी खाली सरकवली. आत फुलाफुलांची चिकटपट्टी दिसली. मग त्यानं दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या शिवरंजनीकडे पाहिलं.

"पोरीला काय इचारायचं ते इचारून घे," काका घाम पुसत म्हणाले.

"अडीचचे दोन शेजारी शेजारी जोडले तर?" त्यानं वरूनच विचारलं.

"पाच."

"आणि एकामागं एक?"

"सव्वा."

"चार्ज?"

"दोघांवर सारखाच."

"आरं, सैपाकाचं इचार की!" काका वैतागले.

वर थोडी खुडबुड झाली. गौरीशंकर उतरला, निवांत बसून चार घास पोहे खाल्ले आणि म्हणाला, "काका, या पंख्याला आज इलाज नाही. बटणाला कुणी हात लावू नका."

काका उठलेच. "इथं सोयरीक केली तर दर उन्हाळ्यात यावं लागंल. चल!" सुपारी खिशात तशीच राहिली. चपला घालताना गौरीशंकर हळूच तिला म्हणाला, "माझंही काम झालं. मलाही यंदा लग्न नको होतं."

पाहुण्यांची गाडी वळली आणि अप्पांनी सवयीनं बटण दाबलं. पंखा असा भन्नाट सुटला की बशांतली कोथिंबीर उडाली. अप्पांनी वर पाहिलं, मग शिवरंजनीकडे. गौरीशंकरची बशी उचलली, तर खाली जुना कंडेन्सर, फुलाफुलांच्या पट्टीसकट.

"ही पट्टी म्याच आणून दिली हुती तुला."

शिवरंजनीनं मान खाली घातली. अप्पा पंख्याखाली सरकून वारं खात बसले.

"दिला शब्द पाळतो," ते म्हणाले. "पर सोलापूरच्या हॉस्टेलात मी भेटाय आलो, की पंख्याला हात लावायचा न्हाय."